दिगूचे केस वाढायला लागलेत, वहिनी

वहिनी, तुमच्या दहाव्याला मी चौघांना दिगूचे हातपाय धरायला लावले आणि त्याचं डोकं भादरून घेतलं.

हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला दुसऱ्याकडून कळेल. आपल्या वालूरची बरीच माणसं तिकडं तुमच्या आधी पोचलेली आहेत, आणि वालूरच्या माणसाच्या पोटात गोष्ट राहत नाही. मेल्यावर राहायला लागली असेल असं मला तरी वाटत नाही.

गुरुजींचा दोष नाही. ते म्हणाले होते, मुलाला सोसत नसेल तर चार केस कातरले तरी भागतं, शास्त्र एवढं आडमुठं नाही. आडमुठा मी. नदीवर पन्नास-साठ माणूस जमलेलं. भावकी बघायलीय, सोयरे बघायलेत. मला वाटलं, वहिनीच्या कार्यात उणं राहिलं असं कुणी म्हणायला नको. म्हणालो, दोन मिनिटांचं काम आहे. दिगू एकोणतीस वर्षांचा. त्याच्या कानाजवळ तुमच्याशिवाय कुणाचा हात कधी गेला नाही. तुम्ही बुधवारपासून त्याला सांगायचात की शनिवारी केस कापायचे आहेत, मग शनिवारी लिंबाखाली बसवून डावी बाजू, रविवारी उजवी. तो एक दिवस गावात अर्ध्या डोक्यानं फिरायचा आणि मी ओसरीवरून ओरडायचो, वहिनी, कटिंग हप्त्यानं करायलाव का? म्हणजे मला सगळं माहीत होतं. तरी म्हणालो, दोन मिनिटांचं काम.

वारिकानं वस्तऱ्याला नवं पातं लावलं. चौघांनी हातपाय धरले. डोकं मी धरलं. तो ओरडला नाही, वहिनी. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. डोळे सताड उघडे ठेवून आभाळाकडं बघत राहिला, आणि अंग असं कडक झालं की माझ्या हातात माणसाचं डोकं आहे असं वाटेना. कानामागं पातं लागलं, रक्त आलं. सोडल्यावर त्यानं स्वतःचं मनगट चावलं. आणि मी काय केलं? टोपी काढून माझं टक्कल दाखवलं, म्हणालो, "बघ दिग्या, आता चुलता-पुतण्या सारखे दिसायलोत." लोक हसले. दहाव्याला माणसं हसवणारा तालुक्यात मी एकटाच असेन.

पिंडाला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, बाईची काही इच्छा राहिली नाही. मला वाटतं, तुम्हाला तिथून उठून जायची घाई झाली होती.

त्या दिवसापासून दिगू घरात आला नाही. मागच्या गोठ्यात जाऊन बसला. गोठ्यात आता जनावर नाही, नुसता कडबा आहे, तोही त्यानंच रचलेला. तिथं त्याच्या वडलांचा, आपल्या गेलेल्या दादांचा जुना मफलर डोक्याला गुंडाळून, गुडघे पोटाशी घेऊन. तुमच्या धाकट्या जावेनं, शकूनं, तुमच्याच चुलीवर भाकरी करून नेली, त्यानं हात लावला नाही. मी थाळी घेऊन गेलो तर माझी चाहूल लागताच तोंड भिंतीकडं. शेंगदाणे तेवढे खायचा आणि रांजणातलं पाणी प्यायचा.

तेरावं झालं, पंगती उठल्या, आणि ओसरीवर बसून भावकीनं त्याचं काय करायचं ते ठरवायला घेतलं. चार हातांवर तो, मध्ये एक मातीची भिंत, आणि बोलणं असं जसं काही भिंतीपलीकडं बैल बांधलाय. कुणी म्हणालं, मोठ्या शहरात अशांची संस्था असते, भरती करून टाका. कुणी म्हणालं, चुलता सत्तरीला आला, आज आहे उद्या नाही. रेखा म्हणाली, मी मानवतला नेते. तिच्या दोन खोल्या आणि खाली रस्त्यावर दिवसभर कापसाच्या गाड्यांचे भोंगे, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी म्हणाली. तुमचीच पोरगी.

मी म्हणालो, तो कुठंही जाणार नाही, मी बघतो. तेव्हा रेखानं सगळ्यांदेखत विचारलं, "काका, तुमच्या हातचं पाणी तो घेईना. तुमी बघणार कसं?"  मग ठरलं की महिन्याला तुमच्या नावाचा घास टाकायचा, त्या दिवसापर्यंत थांबायचं. तोवर दिगू घरात येऊन जेवायला लागला तर तो इथंच राहील. नाही लागला तर ती त्याचे कपडे पिशवीत भरून त्याला घेऊन जाईल.

माणसं गेली. मी चुलीपुढं बसलो आणि दिगूबद्दल मला काय काय माहीत आहे ते आठवायला लागलो. ज्वारीची भाकरी खातो. संपलं. तीस वर्षं एका अंगणात राहून एवढंच.

मग गेल्या उन्हाळ्यातली ती दुपार आठवली. तुम्ही हाक मारलीत, "भाऊजी, जरा चुलीपाशी बसा. दिगूचं एकदा सगळं बघून घ्या." मी बसलो. तुम्ही पीठ मळायला घेतलं आणि मी गोष्ट सुरू केली. माझ्या कंडक्टरकीतली, सेलूच्या अलीकडं गाडी बंद पडली होती ती. तुम्ही ती वीस वेळा ऐकलेली. मध्ये दोनदा म्हणालात, हे बघा, असं. मी बघितलं नाही. गोष्टीतली म्हातारी नेमकी तेव्हाच कोंबड्या घेऊन टपावर चढायला लागली होती. गोष्ट संपेपर्यंत दिगूचं जेवण झालं, ताट धुऊन पालथं पडलं. तुम्ही हसलात, म्हणालात, असू द्या, परत कधीतरी. मी म्हणालो, तुमी कुठं जायलाव एवढ्यात, आधी माझा नंबर हाय. नंबर सोडून पुढं घुसायची सवय तुम्हाला कधी नव्हती, म्हणून मी निर्धास्त होतो.

वहिनी, लोक म्हणतात माणूस गेलं की पोकळी राहते. पोकळीचं मला काही वाटत नाही. मला राग येतो तो या गोष्टीचा की एका माणसाला कसं वाढायचं हे जगात एकट्या तुम्हाला ठाऊक होतं, आणि ते तुम्ही मला शिकवत असताना मी तुम्हाला कोंबड्यांची गोष्ट सांगत होतो.

माझ्या चुका काय एक आहेत? दिगू लहानपणी बोलायचाच नाही, आता दिवसाला चार शब्द तरी बोलतो, तेव्हा त्याला पहिल्यांदा बुवाकडं नेलं ते मीच. तुम्हाला न सांगता, माझ्याच गाडीत बसवून. बुवानं समोर लिंबं मांडली, मंतरायला सुरुवात केली. दिगूनं ती सगळी लिंबं एका ओळीत लावून दिली. एक कमी पडलं तर बुवाच्या मांडीखालचं ओढून काढलं. बुवा म्हणाला, हे फार जुनं आहे, माझ्यानं निघणार नाही. मी ते घरी येऊन मोठ्या कौतुकानं सांगितलं आणि तुम्ही दोन महिने माझ्याशी बोलला नाहीत.

नंतर परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी तो शब्द सांगितला. ऑटिझम. मराठीत स्वमग्नता. त्या म्हणाल्या, हा ताप-खोकल्यासारखा आजार नाही, मुलाची घडणच अशी आहे. काही नवीन करायचं असलं की त्याला आधीपासून सांगा. आवाज कमी ठेवा. थोडं बोला, आणि बोलल्यावर त्याला वेळ द्या. थोडं बोला म्हणाल्या तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघितलं होतं, मी विसरलो नाही. परतीच्या गाडीत मी कुरकुर लावली, की नाव कळून काय फरक पडला, पोरगं तर तेच राहणार. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "नाव कळलं म्हंजे बाहेरचं काई न्हाई एवढं कळलं. आता कुणापुढं लिंबू कापायला न्यायचं न्हाई. तुमीबी न्यायचं न्हाई."

पण त्या मराठी शब्दावरून आपला वाद शेवटपर्यंत मिटला नाही. मला शब्द आवडला होता, भारदस्त वाटायचा, पाव्हण्यांना सांगायला बरा. तुम्ही म्हणायचात, कुणी केला हा शब्द? माझं लेकरू कुठं आपल्यातच बुडालंय? आमटीत मीठ कमी पडलं की त्याला आधी कळतं. शेजारच्या म्हशीची साखळी बदलली की त्याला कळतं. दादांना बरं नाही हे डॉक्टरच्या आधी त्याला कळलं, तो रात्रंदिवस त्यांच्या खाटेखाली निजायला लागला होता. आपल्यातच बुडालेली माणसं निराळी असतात, म्हणायचात, आणि पुढचं बोलायचं सोडून माझ्या कपात चहा ओतायचात.

आणि रेखाच्या लग्नात मी तुमच्यावर ओरडलो ते. ते पोटात घेऊन आज किती वर्षं फिरतोय. दारात बँड लागला, दिगूनं कानात बोटं घातली, भिंतीवर डोकं आपटायला लागला. तुम्ही नव्या लुगड्यानिशी त्याला घेऊन मागच्या दारानं शेतात निघालात. पोटच्या पोरीच्या अक्षता पडायच्या होत्या. मी आडवा झालो. पाव्हण्यांसमोर म्हणालो, त्याच्यापायी पोरीचं लग्न सोडून चालल्या, ही कुठली माया? तुम्ही थांबलात. "पोरीवर अक्षता टाकायला सगळा गाव हाय, भाऊजी. याला मी एकलीच हाय." आणि गेलात. मला तेव्हा एवढंच सुचायला पाहिजे होतं की बँडवाल्यांना दहा मिनिटं गप बसवावं. माझ्या एका शब्दावर थांबले असते, त्यांचा मास्तर माझ्या गाडीचा रोजचा प्रवासी. तुम्ही अक्षता टाकल्या असत्या, दिगू तुमच्या शेजारी उभा राहिला असता. सुचलं कधी? तुम्हाला नदीवरून पोचवून आलो तेव्हा. मी तसा फार लवकर शिकतो.

असो. आता महिन्याचं सांगतो.

पहिले दोन दिवस मी माफीत घालवले. गोठ्याच्या दारात उभा राहून पुतण्यापुढं भाषण केलं. चूक झाली, लोकांसाठी केलं, तुझी आई असती तर मला जोड्यानं मारलं असतं, असं सगळं, वर रडलो. दिगूनं दोन्ही हात मफलरवरून कानांवर दाबून धरले. तिसऱ्या दिवशी शकूला म्हणालो, गोड काहीतरी कर. तिनं पुरणपोळी केली. त्यानं वास घेतला आणि ती कडब्यात पुरून ठेवली. चौथ्या दिवशी रेखाला फोन लावला आणि सत्तर वर्षांत पहिल्यांदा कुणाला विचारलं, की मला येत नाही, सांग.

 ती म्हणाली, आईची भाकरी काठाला करपलेली असायची, आठवतं का? ती मुद्दाम करपवायची. मऊ काठ त्याला जिभेवर सोसत नाही. आमटी वाटीत आणि वाटी ताटाच्या बाहेर, भाकरीला भिजू द्यायची नाही. "आन काका, ताट ठिवलं की त्याच्याकडं पाठ करून बसा. कुणी बघत असलं की त्याला घास उतरत न्हाई. बोलू नका. तुमी तर मुळीच बोलू नका."

वहिनी, मी फोन ठेवला आणि तुमच्या चुलीजवळच्या भिंतीकडं बघत राहिलो. तुम्ही सगळ्यांचं जेवण होईस्तोवर भिंतीकडं तोंड करून बसायचात. मला वाटायचं, दादांवर रुसल्या असतील. मी त्याच्यावर गमती केल्या, आमच्या वहिनी भिंतीशी बोलतात म्हणून. कुणाला हसू आलं की तुम्हीही हसायचात, पण वळत नव्हतात.

शकूला काठ करपवायला सांगणं सोपं नव्हतं. तिच्या भाकरीचं नाव आहे आळीत. तव्यापुढं बसून ती रडली. म्हणाली, माझी आई वारली तेव्हा एवढी रडले नव्हते, जाणूनबुजून भाकर जाळायला लावायलाव. पण जाळली. ताट दिगूपुढं ठेवलं, वाटी बाहेर, आणि मी पाठ करून बसलो.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. पाठीमागं माणूस असून त्याच्याशी न बोलता बसणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला काय सांगू. तीस वर्षं गाडीत उभा राहून बोललेला माणूस मी. पुढं सरका, पुढं सरका, हे तर झोपेतही म्हणतो. तोंडात गोष्टी यायच्या, त्या गिळायचो. मुंग्या चढायच्या, कंबर धरायची. समोर बघायला होती ती फक्त दिगूनं रचलेली कडब्याची वळई. एकेक पेंढी मोजून ठेवल्यासारखी, बुडखे एका रेषेत, जसं ओळंबा लावून भिंत घेतलीय. एकदा गमतीनं मी त्यातली मधलीच पेंढी उपसली होती. त्यानं सगळी वळई उतरवून पुन्हा रचली, संध्याकाळपर्यंत, जेवणाशिवाय. मी तेव्हा हसलो होतो. आता त्याच वळईनं मला रोज तासभर आपल्यासमोर बसवलं. म्हणाल तर शिक्षा, म्हणाल तर शाळा.

सहाव्या दिवशी मागं आवाज झाला. करपलेला काठ मोडल्याचा. मी वळलो नाही, वहिनी. तुम्ही म्हणाल त्याची शपथ घेतो, मी वळलो नाही. डोळ्यांतून पाणी चालू होतं ते पुसायलाही हात उचलला नाही, न जाणो त्याला हललेलं दिसेल. चार घास झाले, पाचवा झाला. मग मी, समोर कडब्याकडं बघतच, एवढंच म्हणालो, "दिगू, चुकलो." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात आखूड बोलणं तेच असेल.  घास थांबला नाही.

थकलोय, वहिनी. खरं सांगतो. अंगणात दोन घरं, दोन चुली, आणि दिवसभर पाऊल हळू टाकायचं, भांडं आपटायचं नाही, भेटायला येणाऱ्या बाया दारातूनच गळा काढतात त्यांना फाट्यावरच अडवून सांगायचं की आत आलात तर गप या. एका सोयरणीनं तर तोंडावर विचारलं, वहिनीचं दुःख झालं नाही का तुमाला? एका महिन्यात मी दहा वर्षांनी म्हातारा झालो, आणि तुम्ही हे एकोणतीस वर्षं केलं, वर माझ्या गोष्टी ऐकल्या, हसायच्या जागी हसलात. तुम्हाला कुणी एकदा तरी म्हणालं का, वहिनी, आज तुम्ही निजा, आज मी बसतो? मी नाही म्हणालो. दुसरं कोण म्हणणार होतं? आभार मानायला आता आलोय तर ऐकणारं कुणी नाही. माझ्यासारख्या बोलघेवड्याला यापेक्षा नेमकी अद्दल देवालाही सुचली नसती.

महिन्याच्या दोन दिवस आधी दिगूनं मफलर काढला. केस वाढायला लागलेत. ज्वारी काढल्यावर रानात धसकटं राहतात तसे, बोटाला टोचतील एवढे. तो त्यावरून सारखा तळहात फिरवत होता, पुढून मागं, मागून पुढं. कानामागची खपली गळून गेली होती. त्या दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला, तुमच्या चुलीकडं बघून परत गेला.

महिन्याच्या दिवशी सकाळच्या गाडीनं रेखा आली. हातात रिकामी पिशवी, घडी घालून काखेत धरलेली, मला दिसू नये अशी. तुमचं पान वाढून कौलावर ठेवलं. मग शकूनं दिगूचं ताट चुलीजवळ त्याच्या जागेवर मांडलं, काठ करपलेली भाकरी, वाटी बाहेर. कुणी हाक मारली नाही. आम्ही तिघं तीन भिंतींकडं तोंडं करून बसलो. बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, या घरात सगळेच रुसलेत.

बराच वेळ गेला. मग पावलं आली. पाट सरकला. काठ मोडला.

रेखा भिंतीशीच रडत होती, आवाज न करता. जेवण होत आलं तेव्हा तिनं हळूच, न वळता विचारलं, "दिगू, मानवतला येतो का माझ्यासंगं?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसा वेळ दिला. मला तो वेळ या अख्ख्या महिन्याएवढा लांब वाटला.

"न्हाई," दिगू म्हणाला.

"मग कुठं राहतो?"

"हितं."

"काकूजवळ?"

"हं."

रेखानं डोळे पुसले. मग तुमच्यासारखीच, गालातल्या गालात म्हणाली, "आन काकाचं काय करायचं?"

 दिगूनं वाटीतली आमटी संपवली, पाणी प्यायला, तांब्या होता तिथंच नीट ठेवला. आणि म्हणाला, "काका म्हातारा झालाय. त्यालाबी राहू दे हितंच."